गुडघ्यावरची चकाकी

पत्र चार ओळींचं होतं. स्टेशनबाहेरच्या चौकातलं ब्राँझचं शिल्प तपासावं, धुऊन मेण लावावं, आणि ‘उजव्या गुडघ्यावरचा व ट्रंकेच्या कडेचा उडालेला रंग पूर्ववत करावा’. सोबत तीन फोटो. तिसऱ्यात नुसता गुडघा होता. गडद तपकिरी अंगावर तळहाताएवढा सोनेरी डाग, आणि त्याभोवती कुणीतरी लाल पेनाने गोल केलेला.

गेली १९ वर्षं मी हे काम करते. उघड्यावरच्या धातुशिल्पांना धुणं, पुसणं, मेण लावणं, सांध्यात पाणी मुरतंय का ते बघणं. शाळेच्या वहीत चुकलेल्या गणिताला करतात तसा गोल त्या गुडघ्याला केलेला पाहून मी बराच वेळ तो फोटो हातात धरून बसले.

शिल्प मला आधीपासून माहीत होतं. बाकावर बसलेली एक बाई, माणसाच्याच मापाची. चौथरा नाही, बाक सरळ फरशीवर. पायाशी ट्रंक. तिच्या उजव्या बाजूला बाकावर एका माणसापुरती जागा शिल्पकाराने मुद्दाम मोकळी सोडली आहे. तिची मान जराशी वळलेली, स्टेशनच्या दाराकडे. ती आत्ताच या गावात उतरली आहे की कुणाला उतरवून घ्यायला आली आहे, हे शिल्प सांगत नाही. मला त्यातलं तेच सगळ्यात आवडतं.

पत्रातला ‘रंग उडाला’ हा शब्दच मुळात चुकीचा आहे. ब्राँझला रंग दिलेला नसतो. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं आणि त्यात थोडं कथील. साच्यातून निघून घासूनपुसून तयार होतं तेव्हा ते झगझगीत सोनेरी असतं. मग कारागीर गॅसच्या ज्योतीने धातू तापवतो आणि त्यावर ब्रशने रसायनं चढवतो. गंधकाची संयुगं, लोखंडाचे क्षार. त्यांचा तांब्याशी संयोग होऊन जो पातळ थर बसतो, त्याला आम्ही पाटिना म्हणतो. पुढे ऊन, पाऊस, हवेतला गंधक त्यात आपापली भर घालतात. आपण बघतो ती तपकिरी किंवा हिरवी त्वचा म्हणजे हा थर. हात त्यावरून पुन्हा पुन्हा फिरला की थर झिजतो आणि खालचा धातू उघडा होतो. म्हणजे तो गुडघा खराब झालेला नव्हता. ओतला तेव्हा होता, तसा पुन्हा दिसायला लागला होता.

एका हाताने हे होत नाही. शंभरांनीही नाही. एवढी चकाकी यायला वर्षानुवर्षं हजारो माणसांनी तिच्या शेजारी बसून, किंवा नुसतं जाता जाता, तिच्या गुडघ्यावर हात ठेवायला हवा. कुणी सांगितलेलं नसताना.

शहराने एखाद्याला ‘ये’ कसं म्हणायचं, हा प्रश्न माझ्या मनात बावीसाव्या वर्षापासून आहे. मी शिकायला एका अनोळखी शहरात गेले तेव्हा तिथे माझ्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं. खोलीपासून कॉलेजपर्यंतच्या वाटेवर एका बागेच्या फाटकाशी दगडाचं कासव होतं. गुडघ्याएवढं उंच, पाठ बसून बसून गुळगुळीत झालेली. ते कुणी घडवलं, कधी, काही लिहिलेलं नव्हतं. पहिले दोन महिने मी संध्याकाळी त्याच्यावर बसायचे, कारण ज्यावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही अशी तेवढी एकच जागा मला सापडली होती. तिसऱ्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीने कुठे भेटायचं विचारलं आणि मी म्हणाले, “कासवापाशी ये.” तिने ‘कुठलं कासव’ असं विचारलं नाही. “साडेपाचला येते,” एवढंच म्हणाली. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की आता मी इथली झाले. पुढे मी शिल्पकला सोडून शिल्पांची देखभाल शिकायला घेतली, त्याच्या मुळाशी ते कासव आहे.

जर्मनीतल्या ब्रेमेनला मी गेले ती फक्त एका गाढवाचे पाय बघायला. टाउन हॉलच्या पश्चिमेच्या बाजूला गेरहार्ड मार्क्स या शिल्पकाराचं १९५३ मधलं ब्राँझ आहे: गाढव, त्याच्या पाठीवर कुत्रा, कुत्र्यावर मांजर, मांजरावर कोंबडा. लोककथेतली ही चार जनावरं म्हातारी झालेली, कामाची न उरलेली, मालकांना नकोशी. मरणापेक्षा बरं काहीतरी कुठेही मिळेल, असं म्हणत ती ब्रेमेनला वाजंत्री व्हायला निघतात. पण गोष्टीत ती ब्रेमेनला पोचतच नाहीत! वाटेतल्या रानात चोरांना पळवून लावून त्यांच्याच घरात राहतात. तरी ब्रेमेनने त्यांना आपलं मानलं आणि शहराच्या मध्यभागी उभं केलं. नुसतं ‘तिथे जाऊ, तिथे आपल्याला जागा मिळेल’ असं ज्यांना वाटलं, त्यांचा पुतळा उभारणारं शहर मला फार मोठ्या मनाचं वाटतं. मार्क्स यांनाही नकोसं होणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. नाझी राजवटीने त्यांचं काम ‘अध:पतित’ ठरवलं होतं.

गाढवाचे पुढचे दोन्ही पाय झळझळीत सोनेरी आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही पाय धरून इच्छा मनात धरायची, अशी तिथली रीत. मी अर्धा तास बाजूला उभी राहून नुसती माणसं बघत होते. एका आजोबांनी पाय धरले आणि डोळे मिटले. एका बाईने आपल्या तान्ह्या मुलाची मूठ उघडून त्याचा तळवा धातूला टेकवला. वरच्या कोंबड्याला मात्र कुणाचाच हात पोचत नाही, तो जसाच्या तसा गडद आहे. एकाच शिल्पात ही अशी मोजपट्टी: माणूस जिथवर पोचतो तिथवर सोनं, त्याच्या वर काळोखी.

तिथून परतल्यापासून कुठलंही शिल्प मी आधी उंचीने बघते. हात कुठवर जातो?

न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्वातंत्र्यदेवीला हात लावणं कुणालाच शक्य नाही. चौथऱ्यासकट ती ९३ मीटर उंच आहे. तरीही स्वागताचा पुतळा म्हटलं की जगभर तिचंच नाव आधी निघतं. हे कसं घडलं, ते मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण फ्रेंच शिल्पकार बार्तोल्दींनी ती घडवली तेव्हा ती स्वागतासाठी नव्हतीच. तिचं पूर्ण नाव ‘जगाला उजळणारी स्वातंत्र्यदेवता’. फ्रान्सकडून आलेली भेट, प्रजासत्ताकाचा आणि गुलामगिरी संपल्याचा गौरव. तिच्या पायाशी तुटलेल्या बेड्या आहेत, खालून सहसा दिसत नाहीत. तांब्याचे पत्रे ठोकून तिला आकार दिलेला आहे, जेमतेम २.४ मिलिमीटर जाडीचे, आणि आत आयफेल यांनी रचलेला लोखंडी सांगाडा. एवढ्या मोठ्या बाईची त्वचा दोन नाण्यांएवढी पातळ आहे, हे कळलं तेव्हा मला तिच्याबद्दल वेगळीच माया वाटायला लागली.

चौथऱ्यासाठी पैसे नव्हते. हंगेरीतून आलेल्या जोसेफ पुलित्झर यांनी १८८५ मध्ये आपल्या वर्तमानपत्रातून वर्गणीची हाक दिली आणि १ लाख २० हजारांहून जास्त लोकांनी मिळून १ लाख डॉलर उभे केले. बहुतेकांचे पैसे एका डॉलरहून कमी. त्याच वर्षी साउम सोंग बो या चिनी माणसाकडेही वर्गणी मागितली गेली. त्याने पत्र लिहून विचारलं की ज्या देशाने चिनी लोकांना दार बंद केलं आहे, त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या पुतळ्यासाठी आम्हीच पैसे द्यायचे, हा आमचा अपमान नाही का? १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायला बंदी होती आणि चिनी माणसाला नागरिक होता येत नव्हतं. माझ्या लेखी हे पत्र त्या पुतळ्याचाच एक भाग आहे. चौथऱ्याच्या दगडाइतकंच. स्वागत म्हणून काही उभारायचं असेल तर ज्यांना दार बंद आहे त्यांना आधी विचारावं, त्यांच्याकडे खरं उत्तर असतं.

१८८६ च्या ऑक्टोबरमध्ये तिचं अनावरण झालं. एमा लाझारस यांनी चौथऱ्याच्या निधीसाठी १८८३ मध्ये लिहिलेलं सुनीत, ज्यात ही देवी थकल्याभागल्यांना, बेघरांना आपल्याकडे बोलावते, ते त्या सोहळ्यात कुणाला आठवलंसुद्धा नाही. पुढच्याच वर्षी लाझारस गेल्या. सुनिताची ब्राँझची पाटी चौथऱ्याच्या आत लागली ती १९०३ मध्ये. तोवर शेजारच्या एलिस बेटावरचं, बाहेरून येणाऱ्यांना तपासून आत सोडणारं केंद्र सुरू होऊन ११ वर्षं झाली होती. जहाजांच्या डेकवर रेटारेटी करून, मुलांना खांद्यावर घेऊन माणसं तिच्याकडे बघत होती. १८९२ ते १९५४ या काळात त्या बेटावरून १ कोटी २० लाखांच्या आसपास माणसं आत गेली. त्यांनी तिच्या नावातली तत्त्वं वाचली नव्हती. कित्येक दिवसांच्या पाण्यानंतर समोर एक बाई हात वर करून उभी दिसली, आणि त्यांनी त्याचा अर्थ ‘आलात?’ असा घेतला. तिला स्वागताची देवी येणाऱ्यांनी केलं. हात पोचत नव्हता, म्हणून डोळ्यांनी.

आणखी एक गोष्ट, आमच्या धंद्यातली. ती मुळात तांबूस-तपकिरी होती, समुद्राच्या हवेने हिरवी होत गेली. १९०६ मध्ये तिला रंग देण्याचा बेत निघाला. लोकांनी विरोध केला. लष्कराच्या इंजिनियरांनी तपासून सांगितलं की हा हिरवा थर धातूचं रक्षण करतो आहे, आणि बाहेरून रंग देणं टळलं. गुडघ्याच्या पत्राला उत्तर लिहिताना हा प्रसंग मी सविस्तर घातला.

मोठ्या आकाराचं शिल्प जवळचं होऊच शकत नाही, असं मला पूर्वी वाटायचं. इंग्लंडमधल्या गेट्सहेडच्या ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ने ते मत बदललं. अँटनी गॉर्मली यांनी १९९८ मध्ये उभारलेला हा पोलादी देवदूत २० मीटर उंच आणि पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ५४ मीटर आहे. वजन २०० टन. आकार गॉर्मलींच्या स्वतःच्या शरीराच्या साच्यावरून घेतलेला. जागा जुन्या कोळसा खाणीची. खाणकामगार वर आल्यावर अंघोळ करायचे ती न्हाणीघरं तिथे होती. पोलाद असं निवडलेलं की त्यावर चढणारा गंजच त्याचं कवच होतो, रंगाची गरज नाही.

पंख विमानासारखे सरळ आहेत असं फोटोत वाटतं. तसे ते नाहीत. दोन्ही पंख ३.५ अंशांनी पुढे झुकवलेले आहेत, कवेत घेतल्याची जाणीव व्हावी म्हणून. साडेतीन अंश म्हणजे काय? मिठी मारायचं मनात येतं आणि खांदा अजून हलायचा असतो, तेवढं. समोरच्या गवतावर उभी राहिले तेव्हा मला ते अंश दिसले नाहीत, पण अंगाला कळले.

उभारण्याआधी त्याला गावात बराच विरोध होता. पैशांची उधळपट्टी, गाड्या चालवणाऱ्यांचं लक्ष विचलित होईल, काय काय. मग उभारल्यावर तीनच महिन्यांनी, मे महिन्यात, शेजारच्या न्यूकॅसलच्या फुटबॉलवेड्यांनी त्याला आपल्या लाडक्या खेळाडूची, अॅलन शियररची, ९ नंबरची अवाढव्य जर्सी घातली. पोलिसांनी ती थोड्याच वेळात उतरवली, पण काम झालं होतं. कपडे आपण घरच्या माणसाला घालतो. मी गेले त्या दिवशी दोन मुलं त्याच्या पावलांवरून घसरत होती आणि पायाचा तेवढा भाग गंजाऐवजी गुळगुळीत, काळसर चमकत होता. जवळच्या झाडांखाली लोकांनी आपल्या गेलेल्या माणसांच्या आठवणी ठेवल्या होत्या, फोटो, रिबिनी, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. कुठल्याही समितीने ही सोय केलेली नाही.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनाबाहेर रुळाच्या एका छोट्या तुकड्यावर पाच मुलं उभी आहेत, बॅगांसह. १९३८-३९ मध्ये नाझींच्या तावडीतून सुमारे १० हजार मुलं, बहुतेक ज्यू, आईवडिलांशिवाय ब्रिटनला आणली गेली, त्यांचं हे शिल्प २००६ मध्ये बसलं. करणारे फ्रँक माइस्लर स्वतः त्यांतलेच एक. डान्झिगहून १९३९ मध्ये ते याच स्टेशनवर उतरले होते. त्यांचे आईवडील पुढे ऑशविट्झमध्ये मारले गेले. डान्झिगला आता ग्दान्स्क म्हणतात, तिथेही स्टेशनाजवळ माइस्लर यांनी घडवलेली मुलं उभी आहेत, निघालेली. एका शहरात निरोप, दुसऱ्यात पोचणं.

मी तिथे होते त्या तासाभरात एका घाईतल्या तरुणाने आपली चाकांची बॅग ब्राँझच्या बॅगेला टेकवली आणि फोनवर बोलत राहिला. त्याला खाली काय लिहिलंय ते ठाऊक नसावं. तरी दोन बॅगा शेजारी शेजारी बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच शहरात हॅकनी भागात वेरोनिका रायन यांची तीन फळं जमिनीवर ठेवलेली आहेत, संगमरवराची आणि ब्राँझची, २०२१ पासून. सीताफळाच्या कुळातली दोन आणि एक नीरफणस. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या विंडरश पिढीचा हा सन्मान. रायन स्वतः माँटसेराट बेटावर जन्मलेल्या. पुतळा नाही, नेता नाही, हात उंचावलेलं कुणी नाही. मागे राहिलेल्या अंगणातली फळं, आणि मुलं त्यांवर बिनधास्त चढून बसतात. माझ्या त्या कासवाच्या जवळचं याहून काही मी पाहिलेलं नाही.

शिकागोचं ‘क्लाउड गेट’ माझ्या कामाच्या दृष्टीने दुसऱ्या टोकाचं. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं, स्टेनलेस स्टीलच्या १६८ पत्र्यांचं, २००६ मध्ये पूर्ण झालेलं, कुठेही जोड न दिसणारं. लोक त्याला ‘बीन’ म्हणतात, घेवड्याचा दाणा. त्यात ज्याचं त्याला आपलं तोंड दिसतं, मागे अख्खं शहर घेऊन. अशा आरशावर बोटांचे ठसे उमटणारच, म्हणून त्याचा खालचा सहा फुटांचा भाग दिवसातून दोनदा हाताने पुसला जातो. रोज शेकडो माणसांनी हात लावायचा आणि रोज कुणीतरी फडकं घेऊन उद्याच्या हातांसाठी जागा करायची. हे काम मला मिळालं असतं तर मी आनंदाने केलं असतं.

आता गुडघ्याकडे येते.

पत्र पाठवणाऱ्या समितीचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. घामात क्षार असतात, आणि क्लोराइड ब्राँझला आतून खातात. आमच्याकडे त्याला ब्राँझचा रोगच म्हणतात. झीज खरी असते. व्हॅटिकनच्या बॅसिलिकात सेंट पीटर यांची ब्राँझची मूर्ती आहे. शतकानुशतकं यात्रेकरूंनी हात आणि ओठ टेकवून तिच्या उजव्या पावलाची बोटं जवळजवळ नाहीशी केली आहेत. म्हणून मी जाडी मोजली. गुडघ्यापाशी धातू भरपूर होता, काळजीचं कारण नव्हतं. वर्षातून तीनदा मेणाचा हात दिला तरी पुरे. हे मी फोनवर सांगितलं.

“मॅडम, पण बाकीचं शिल्प एक रंगात आणि गुडघाच वेगळा, बरोबर दिसतं का ते?” पलीकडचे गृहस्थ मनापासून विचारत होते. त्यांना शिल्पाची काळजी होती, हे मला जाणवत होतं.

“साहेब, नवा थर चढवला तर सहा महिन्यांत पुन्हा जाईल,” मी म्हणाले. “लोक हात लावायचे थांबणार नाहीत.”

“मग साखळी लावू या का भोवती?”

मला पुढे बोलवेना. साखळी लागली तर बाकावरची रिकामी जागा शोभेची होते. ‘बस’ म्हणून सरकून बसलेल्या बाईच्या शेजारी बसायला मनाई! दोन दिवस द्या, लेखी अहवाल पाठवते, असं सांगून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चौकात गेले. सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश, मग स्वच्छ पाणी, मग कोरडं फडकं. उजेड यायच्या आत धुणं संपलं आणि शिल्प सुकेपर्यंत मी त्या रिकाम्या जागेवर बसले. १९ वर्षांत मी शेकडो शिल्पांभोवती शिडी लावून फिरले आहे, पण त्यांच्या शेजारी नुसतं बसणं क्वचित घडलं असेल. बसल्यावर कळलं की गुडघा आपोआपच हाताशी येतो. दुसरा हात कुठे ठेवावा म्हणून तो बाकाच्या कडेला गेला, आणि तिथे तिचा उजवा हात होता. बाकाच्या कडेवर सैल टेकलेला, बोटं खाली वळलेली. माझी बोटं तिच्या बोटांखाली गेली तेव्हा आत धातू खरखरीत लागायला हवा होता. तो अगदी गुळगुळीत लागला.

मी खाली बसून टॉर्च मारली. चारही बोटांची आतली बाजू सोन्यासारखी लखलखत होती. समोरून ते दिसत नाही. फोटोत येत नाही. शेजारी बसून तिचा हात धरल्याशिवाय ते कुणालाही कळायची सोय नाही. आणि किती जणांनी धरला असेल!

अहवालाचा तक्ता ठरलेला असतो. मी लिहिलं: उजवा गुडघा, जमिनीपासून ५४ सेंटिमीटर, झळाळी, कारण स्पर्श. ट्रंकेची कड, ३८ सेंटिमीटर, झळाळी, कारण स्पर्श, बहुधा लहान मुलं. उजवा हात, बोटांची आतली बाजू, ४३ सेंटिमीटर, झळाळी, कारण स्पर्श. शेवटचा रकाना ‘दुरुस्ती’ असा होता. तिन्ही ओळींपुढे मी आडवी रेघ मारली, आणि खाली, शेऱ्यात, साखळी लावू नये असं लिहून सही केली.